संगणकाची पारख

यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव हे तालुक्याचे ठिकाण कापसाच्या मुलखात वसलेले आहे. दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू होते, कापूस बाजारात जातो आणि वर्षभर लांबणीवर टाकलेल्या खरेद्यांचा विचार घरोघर सुरू होतो. कोणास बैलजोडी हवी असते, कोणास पाण्याचा पंप. कोणाच्या घरी लग्न निघालेले असते. अलीकडे या यादीत संगणकाची भर पडली आहे. बैल घेताना काय पाहावे हे शेतकऱ्याच्या लहान मुलालाही सांगता येते. दात पाहतात, खूर पाहतात, चार पावले चालवून पाहतात. रंगविलेल्या शिंगांवर आणि झुलीवर कोणी भाळत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र शहाणीसुरती माणसेही झूल पाहूनच व्यवहार करतात, कारण या जनावराचे दात कोठे असतात हेच पुष्कळांना ठाऊक नसते.

एके काळी घरासाठी संगणक निवडण्याचा प्रश्नच नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतः घडविलेला संगणक १९६० साली पूर्णपणे कामास लागला. पुढे १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. त्यात सुमारे २७०० निर्वात नळ्या होत्या, आणि त्याची स्मृती आजच्या मापाने अवघी १० किलोबाइट भरे. आजच्या पद्धतीने मराठीतील एक चिन्ह साठविण्यास ३ बाइट लागतात. म्हणजे तुम्ही वाचत असलेला हा एवढासा पाठदेखील त्या यंत्राच्या स्मृतीत मावला नसता! तरीही त्यावर देशातील नामांकित शास्त्रज्ञांनी आपली गणिते सोडविली. यंत्र लहान की मोठे हे कामावरून ठरते, ते असे.

आता अशी कल्पना करा, की राळेगावातील एका शेतकरी कुटुंबाने यंदाच्या कापसाच्या पैशांतून संगणक घेण्याचे ठरविले आहे. पैसा बेताचाच आहे. त्यातूनच थोरल्या मुलीच्या वसतिगृहाचे शुल्क भरावयाचे आहे, तेव्हा चुकीच्या खरेदीस वाव नाही. बाबांचे मत असे, की सर्वांत स्वस्त यंत्र आणावे, कारण अर्जच तर भरावयाचे आहेत. सातवीत शिकणाऱ्या धाकट्याचे मन एका जाहिरातीतील यंत्रावर बसले आहे. त्या यंत्राच्या काचेच्या पेटीत तांबडे-निळे दिवे फिरतात. दोघांचे बोलणे वाढत चाललेले पाहून आई म्हणाली, “अहो, दुकानाची वाट धरण्याआधी प्रत्येकाने आपापले काम कागदावर लिहून द्या. काम कळल्याशिवाय अवजार कसे ठरणार?”

कागद तयार झाला. बाबांना सातबाराचा उतारा काढावयाचा होता आणि खताबियाण्यांचा हिशेब ठेवावयाचा होता. आईकडे बचत गटाच्या वह्या होत्या. थोरलीला महाडीबीटीच्या संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयाचा होता, शिवाय टिपणे लिहावयाची होती. धाकट्याने एकच ओळ लिहिली होती: ‘पोळ्याचा चित्रपट.’ श्रावणाच्या अखेरीस त्याने बाबांच्या मोबाइलवर गावच्या पोळ्याचे आणि दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्याचे, लाकडी नंदी घेऊन निघालेल्या मुलांचे चित्रण केले होते. आजीने सांगितलेल्या जुन्या पोळ्याच्या आठवणीही त्याने ध्वनिमुद्रित केल्या होत्या. ते सारे तुकडे कापून, जोडून, त्यांवर आजीचा आवाज बसवून त्याला दहा मिनिटांची चित्रफीत तयार करावयाची होती. या कामास संकलन असे म्हणतात.

या कागदातील पहिली सारी कामे हलकी आहेत. लेखन, हिशेब, अर्ज, पत्रव्यवहार यांसाठी आज बाजारात मिळणारे जवळजवळ कोणतेही नवे यंत्र पुरते. मराठी टंकलेखनाची सोय तर प्रत्येक प्रणालीत आधीपासूनच असते. तिच्यासाठी वेगळे पैसे मोजू नयेत. शेवटची एक ओळ मात्र साऱ्या कागदाहून जड आहे. ती किती जड आहे हे साध्या गुणाकाराने काढता येते.

मोबाइलने टिपलेले नेहमीचे चित्र आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपक्यांचे असते. दोहोंचा गुणाकार २०,७३,६०० येतो. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगण्यास तांबडा, हिरवा आणि निळा या तीन रंगांची प्रमाणे, म्हणजे तीन बाइट, लागतात. तेव्हा एका चित्रासाठी ६२,२०,८०० बाइट झाले. हालचाल दिसावी म्हणून दर सेकंदास अशी ३० चित्रे घ्यावी लागतात. एका सेकंदाचे झाले सुमारे १८ कोटी ६६ लाख बाइट, आणि एका मिनिटाचे अकराशे कोटींहून अधिक, म्हणजे ११ गिगाबाइटच्या वर! मग दहा-वीस मिनिटांचे चित्रण मोबाइलमध्ये मावते तरी कसे?

येथेच खरी गंमत आहे. पोळ्याच्या चित्रात बैल पुढे सरकतो, पण मागचे कडुलिंबाचे झाड, आंब्याच्या पानांचे तोरण आणि देवळाची भिंत जागच्या जागीच असतात. मोबाइल दर वेळी संपूर्ण चित्र लिहीत नाही. अधूनमधून एक चित्र पूर्ण लिहितो, आणि मधल्या चित्रांत काय बदलले तेवढेच नोंदवितो. ही जणू चित्रांची घडी घालणे होय. घडी घातल्यावर एका मिनिटाचे चित्रण शंभर-दीडशे मेगाबाइटांत, नव्या घट्ट घडीच्या पद्धतीत त्याहूनही कमी जागेत बसते. परंतु संकलन करणाऱ्याला घडी घातलेल्या कापडावर कात्री चालविता येत नाही. त्याने मधल्याच एका चित्रावर बोट ठेवले, की यंत्राला मागच्या पूर्ण चित्रापर्यंत जाऊन तेथपासूनचे सारे बदल क्षणार्धात मांडून दाखवावे लागतात. दोन चित्रणे एकावर एक ठेवली तर काम दुप्पट होते. आणि चित्रण ‘फोर-के’ पद्धतीचे असले तर ठिपकेच चौपट! स्वस्त यंत्राची दमछाक होते ती येथे. ते बिघडलेले नसते. त्याच्या शक्तीबाहेरचे काम त्याला दिलेले असते.

आता दात पाहू. संगणकाचा प्रक्रियक, ज्याला सर्वजण प्रोसेसर म्हणतात, तो काम करणारा मजूर होय. त्यात एकाच वेळी राबणारे अनेक गाभे असतात. चित्रांची घडी उलगडण्याची खास सोय प्रक्रियकातच असेल तर गाभ्यांवरील भार पुष्कळ हलका होतो. दुसरा भाग रॅम, म्हणजे कामापुरती स्मृती. ही खळ्यासारखी आहे. खळे लहान असले तर मजूर कितीही चपळ असो, त्याला थोडाथोडाच माल आणून मळावा लागतो. अर्ज आणि हिशेब यांस ८ गिगाबाइट पुरतात; चित्रफितीच्या संकलनास १६ असावेत. तिसरा भाग कोठाराचा. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये फिरती तबकडी असते, तर एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसतो, म्हणून ती कितीतरी पटींनी चपळ असते. चालू काम एसएसडीवर आणि पूर्ण झालेले काम स्वस्त तबकडीवर ठेवावे, हा काटकसरीचा मार्ग.

या तिन्हींची जोड जुळली पाहिजे. एक बैल दांडगा आणि दुसरा मरतुकडा असला म्हणजे नांगराचे तास वाकडे जाते. जाहिरातीत नेमका एकाच बैलाचा डौल वर्णिलेला असतो. प्रक्रियकाचे नाव ठळक छापायचे आणि ८ गिगाबाइटांची रॅम कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहायची, ही युक्ती नवी नाही. चित्रांसाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यावे असाही आग्रह धरला जातो. ते उपयोगी असते, नाही असे नाही. पण साध्या चित्रणाच्या दहा मिनिटांच्या फितीस प्रक्रियकातील अंगभूत सोय चालते. या घराने तो खर्च टाळावा. पुढे गरज पडल्यास कार्ड बसविण्यास जागा आहे ना, एवढे पाहावे.

मांडीवरचा संगणक घ्यावा की टेबलावरचा? शहरातील पुस्तकी सल्ला राळेगावास जसाच्या तसा लागू पडत नाही. विदर्भाच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. यंत्र तापले की प्रक्रियक स्वतःच्या बचावासाठी आपला वेग कमी करतो, आणि लॅपटॉपच्या चपट्या पेटीत उष्णता लवकर कोंडते. कापसाच्या दिवसांत हवेत धूळ आणि तंतू असतात. ते पंख्यांत अडकतात. टेबलावरच्या संगणकाची पेटी चार मळसूत्रे काढून घरी साफ करता येते, आणि त्याची रॅमही वाढविता येते. अनेक लॅपटॉपांत ती कायमची जडवलेली असते. उलट लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते. वीज गेली तरी त्यावरील काम नाहीसे होत नाही. टेबलावरच्या यंत्रास त्यासाठी यूपीएस जोडावा लागतो, आणि त्याची किंमत आरंभीच हिशेबात धरली पाहिजे. थोरली वसतिगृहात यंत्र नेणार असती तर लॅपटॉपशिवाय गत्यंतर नव्हते. ती नेणार नाही, म्हणून या घरास टेबलावरचा बरा.

इतके ठरल्यावरही यंत्र प्रत्यक्ष चालवून पाहणे उरतेच. या बाबतीत दादासाहेब फाळके यांचे उदाहरण लक्षात घेण्याजोगे आहे. चित्रपट काढावयाचा त्यांनी ध्यास घेतला, पण जवळ पैसा नव्हता. त्यांनी आपल्या विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून कर्ज काढले आणि १९१२ साली ते लंडनला गेले. तेथे त्यांनी लगोलग दुकान गाठले नाही. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांना ते भेटले. कॅबर्न यांनी आरंभी त्यांना या धंद्यापासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला; पण त्यांची तळमळ पाहून पुढे साह्यही केले. चित्रपट कसा तयार होतो हे फाळक्यांनी तेथील हेपवर्थ यांच्या चित्रनिर्मितिगृहात पाहिले आणि मगच विल्यमसन कंपनीचा कॅमेरा व फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र मागविले. यंत्रे घरी आल्यावर त्यांनी कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरले, आणि एकेक चित्र घेत अंकुराच्या वाढीचा एक छोटासा चित्रपट तयार केला. कॅमेरा काम देतो की नाही याची ती परीक्षा होती, आणि भांडवल देणाऱ्यांना दाखविण्यास तो पुरावाही होता. ‘राजा हरिश्चंद्र’ त्यानंतरचा. त्या चित्रपटाच्या कामी त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मला छिद्रे पाडण्यापासून रसायने तयार करण्यापर्यंत राबल्या, आणि ३ मे १९१३ रोजी तो मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांसमोर आला.

धाकट्यानेही आपला अंकुर बरोबर घेतला. पोळ्याच्या चित्रणातील दोन मिनिटांचे दोन तुकडे पेनड्राइव्हवर घालून तो आईबाबांसह यवतमाळच्या दुकानात गेला. गर्दी नसलेली सकाळ त्यांनी मुद्दाम निवडली होती. “काका, यावर हे दोन तुकडे जोडून दाखवाल का?” असे त्याने विचारले. शॉटकट आणि केडेनलाइव्ह यांसारख्या संकलनाच्या आज्ञावली विनामूल्य मिळतात. दुकानदाराने त्यांपैकी एक उघडली. पहिल्या यंत्रावर बैल दोन पावले चालून थबकला, पुन्हा चालला, पुन्हा थबकला. ते बाबांच्या पसंतीचे स्वस्त यंत्र होते. दुसऱ्यावर तो न अडखळता देवळापर्यंत गेला. दिव्यांच्या पेटीतही तो तसाच गेला, आणि बाबांनी दोन्ही किमती शेजारी शेजारी लिहून घेतल्या. धाकटा काही वेळ गप्प होता. मग त्याने स्वतःच विचारले, “बाबा, हे दिवे बंद केले तर बैल हळू चालेल का?”

स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या कचेरी-संगणकांचीही दुकानदाराने शिफारस केली. जुने यंत्र वाईटच असते असे नाही, परंतु विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि तिच्या काळातील पुष्कळ यंत्रे विंडोज ११ साठी पात्र ठरत नाहीत. लिनक्स वापरण्याची तयारी असेल त्याने असे यंत्र खुशाल घ्यावे. केवळ अर्ज आणि हिशेब असते तर या घरानेही घेतले असते. हमी किती वर्षांची, दुरुस्ती यवतमाळातच होईल की यंत्र नागपूरला धाडावे लागेल, हे आईने विचारले आणि पावतीवर लिहून घेतले.

दिव्यांच्या पेटीचे जे पैसे वाचले, त्यांतून यूपीएस आला आणि चित्रणाच्या प्रती ठेवण्यास दोन सुट्या डिस्क आल्या. ‘राजा हरिश्चंद्र’ आज संपूर्ण पाहावयास मिळत नाही. त्याचा काही भागच शिल्लक आहे. आजीच्या आवाजाची एक प्रत आता घरच्या कपाटात असते आणि दुसरी वर्ध्यास मामाच्या घरी. दिवाळीत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांची अदलाबदल होते.

अभ्यास

१. बैलाची पारख आणि संगणकाची पारख यांत कोणते साम्य दाखविले आहे?
२. चित्रांची ‘घडी’ म्हणजे काय, ते पोळ्याव्यतिरिक्त दुसरे उदाहरण घेऊन सांगा.
३. दर सेकंदास ३० ऐवजी २५ चित्रे घेतली, तर घडी न घातलेल्या एका मिनिटाच्या चित्रणास किती बाइट लागतील?
४. थोरली मुलगी संगणक वसतिगृहात नेणार असती, तर या कुटुंबाचे कोणकोणते निर्णय बदलले असते?