सही करण्यापूर्वी : व्यापाऱ्याला लागणारे इंग्रजी शब्द

१९९८ सालची गोष्ट. आम्ही तेव्हा सोलापुरात वडिलांच्या हाताखाली टॉवेल-चादरींच्या धंद्यात नवे होतो. मुंबईच्या एका मोठ्या दुकानाकडून ६० डझन टॉवेलांची ऑर्डर आली. कागद इंग्रजीत छापलेला. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झालेले; इंग्रजी पास होण्यापुरते. माल, भाव, पत्ता एवढे वाचता आले. खाली एका ओळीत ‘सेल ऑर रिटर्न, नाइन्टी डेज’ असे होते. सेल म्हणजे विक्री, हे ठाऊक होते. रिटर्न हा शब्द वकिलाकडे ऐकला होता, इन्कम टॅक्सचे रिटर्न. कराविषयी काहीतरी असेल असे समजून आम्ही सही केली.

ऐंशीव्या दिवशी ३८ डझन टॉवेल परत आले. घड्या मोडलेल्या, काहींचा रंग उन्हाने उडालेला. आम्ही भांडायला मुंबईला गेलो, तेव्हा मॅनेजरने तीच ओळ दाखवली. तिचा अर्थ असा की, माल विकला गेला तर पैसे; नाही तर ९० दिवसांत माल परत. परत करण्याचा हक्क त्यांना आमच्याच सहीने मिळाला होता. यंत्रमागवाल्याचे पैसे मात्र आम्हांला त्याच महिन्यात चुकते करावे लागले. त्यापायी वडिलांची दोन वर्षांची शिल्लक गेली. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “बेटा, पूछने के पैसे नहीं लगते.”

तेव्हापासून आम्ही एक वही केली. कागदावर न समजलेला इंग्रजी शब्द दिसला की तो वहीत उतरवायचा आणि अर्थ कळेपर्यंत सही करायची नाही. त्या वहीतील निवडक शब्द आज व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ठेवतो.

शब्दांची भीती कशाला?

परक्या शब्दांना बाजार कधीच भ्यालेला नाही. जमा, खर्च, बाकी, वसूल, हिशेब, नफा, रक्कम हे आपल्या मराठी खातेवहीतले शब्द अरबी-फारसीतून आले. इंग्रजांनीही असेच शब्द उचलले. त्यांचा ‘कॉटन’ अरबी ‘कुत्न’पासून झाला. ‘टॅरिफ’ म्हणजे जकातीचे दरपत्रक, तोही शब्द अरबीतला. जाड कापडाचे ‘डंगरी’ हे नाव मुंबईच्या डोंगरीवरून पडले. कॉम्प्युटरवाल्यांच्या तोंडी सदा असणारा ‘अल्गोरिदम’ हा शब्द नवव्या शतकातील गणिती अल्-ख्वारिज्मी यांच्या नावावरून आला. तेव्हा हे शब्द अगदीच परके नाहीत.

इंग्रजी बोलता आले नाही तरी धंदा चालतो. सही कशावर करतो हे न कळले, तर चालत नाही. म्हणून प्रत्येक कागदाला चार प्रश्न विचारावेत. माल कोणाचा? पैसे किती? पैसे केव्हा? नुकसान झाले तर कोणाचे?

१. माल कोणाचा?

‘एन्क्वायरी’ म्हणजे नुसती चौकशी. ‘कोटेशन’ म्हणजे आपण दिलेला भाव. ‘पर्चेस ऑर्डर’ म्हणजे गिऱ्हाइकाची लेखी मागणी. पर्चेस ऑर्डरच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत ‘टर्म्स अँड कंडिशन्स’ म्हणजे अटी असतात. त्या आधी वाचाव्यात, पुढील बाजू नंतर.

‘प्रोफॉर्मा इनव्हॉइस’ म्हणजे माल पाठवण्यापूर्वीचे कच्चे बिल. त्यावर वसुली सांगता येत नाही. खरे बिल ‘टॅक्स इनव्हॉइस’. ‘डिलिव्हरी चलन’ माल गेला एवढेच सांगते, विकला गेला असे सांगत नाही.

‘सेल ऑर रिटर्न’ आणि ‘ऑन अप्रूव्हल’ म्हणजे पसंतीवर दिलेला माल. १९३० च्या माल विक्री कायद्याप्रमाणे असा माल गिऱ्हाइकाने पसंत करीपर्यंत किंवा मुदत उलटेपर्यंत आपलाच राहतो. या अटीवर माल द्यायचाच असेल, तर मुदत कमी लिहावी आणि ‘परत येणारा माल मूळ घडीत व विकण्याजोगा असावा’ ही ओळ कागदावर घालून घ्यावी. आम्ही ती घातली असती, तर निदान रंग उडालेले टॉवेल परत घ्यावे लागले नसते.

टॅक्स इनव्हॉइसवरील ‘जीएसटीआयएन’ हा १५ अक्षर-अंकांचा क्रमांक तपासावा. पहिले दोन अंक राज्याचे असतात : महाराष्ट्र २७, गुजरात २४, कर्नाटक २९. पुढील दहा म्हणजे त्या पार्टीचा पॅन. पार्टी स्वतःला सुरतची म्हणवते आणि क्रमांक २७ ने सुरू होतो, तर विचारणा करावी. ‘एचएसएन’ हा मालाच्या जातीचा आकडा. कापसाच्या टेरी टॉवेलचा ६३०२ ने सुरू होतो. आकडा चुकला की कराचा दरही चुकू शकतो.

२. पैसे किती?

‘ग्रॉस’ म्हणजे सगळे धरून, ‘नेट’ म्हणजे वजाबाकी होऊन उरलेले. सुताच्या पेटीवर ‘ग्रॉस वेट’ बारदानासह असते, ‘नेट वेट’ नुसत्या सुताचे. ‘टर्नओव्हर’ म्हणजे एकूण विक्री. तो नफा नव्हे.

‘मार्कअप’ आणि ‘मार्जिन’ यांत पुष्कळजण फसतात. १०० रुपयांची चादर १२५ ला विकली. खरेदीवर २५ टक्के मिळाले, हा मार्कअप. विक्रीवर पाहिले तर १२५ मध्ये २५, म्हणजे २० टक्के, हे मार्जिन. गिऱ्हाईक ‘ट्वेन्टी-फाइव्ह परसेंट मार्जिन’ मागते, तेव्हा ते विक्रीच्या किमतीवर मागते. १२५ छापील किंमत असेल, तर त्याला ती चादर ९३ रुपये ७५ पैशांना द्यावी लागेल. १०० ला देऊन भागणार नाही.

‘टेन प्लस टेन डिस्काउंट’ म्हणजे २० टक्के सूट नव्हे. १०० वर १० गेले, ९० राहिले. ९० वर ९ गेले, ८१ राहिले. सूट १९ टक्के झाली. ‘ट्रेड डिस्काउंट’ व्यापारी म्हणून मिळतो. ‘कॅश डिस्काउंट’ वेळेवर पैसे दिले तरच.

बातम्यांत ‘इन्फ्लेशन’ खाली आले असे सांगतात. इन्फ्लेशन म्हणजे महागाई वाढण्याचा वेग. वेग कमी झाला तरी भाव चढतच असतात, फक्त सावकाश. ते ऐकून सूत स्वस्त होईल या भरवशावर खरेदी थांबवू नये.

३. पैसे केव्हा?

‘ॲडव्हान्स’ म्हणजे आगाऊ. ‘क्रेडिट पिरियड’ म्हणजे उधारीची मुदत. ‘ड्यू डेट’ म्हणजे पैसे देण्याचा ठरलेला दिवस. ‘ओव्हरड्यू’ म्हणजे तो दिवस टळून गेला. ‘थर्टी डेज’ एवढेच लिहिलेले असेल, तर कोणत्या दिवसापासून, हे विचारावे. बिलाच्या तारखेपासून की माल पोचल्यापासून, यात पंधरवडा जाऊ शकतो.

स्वतः माल तयार करणाऱ्या लहान कारखानदारांनी व कारागिरांनी ‘एमएसएमई’ ही चार अक्षरे लक्षात ठेवावीत. २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी केलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने लेखी करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. करार असला तरी मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने भुर्दंड आहे. १ जुलै २०२० पासून ही नोंदणी ‘उद्यम’ या नावाने होते आणि तिला फी नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापून घ्यावा. आमच्यासारख्या नुसत्या खरेदी-विक्री करणाऱ्यांना हे संरक्षण नाही. माग चालवणाऱ्याला आहे.

४. नुकसान कोणाचे?

‘फ्रेट’ म्हणजे भाडे. बिल्टीवर ‘पेड’ असेल तर भाडे पाठवणाऱ्याने भरले. ‘टू पे’ असेल तर माल सोडवणारा भरणार. ‘एक्स गोडाऊन’ म्हणजे भाव आपल्या गोदामापुरता, पुढचा खर्च त्यांचा. ‘एफओआर डेस्टिनेशन’ म्हणजे त्यांच्या गावापर्यंतचे भाडे आपल्याच भावात.

माल परदेशी पाठवताना ‘एफओबी’ आणि ‘सीआयएफ’ हे शब्द येतात. एफओबीमध्ये माल जहाजावर चढेपर्यंतचा खर्च आपला. सीआयएफमध्ये पुढील बंदरापर्यंतचे जहाजभाडे आणि विमाही आपण भरायचा. मालाची जोखीम मात्र दोन्हींत जहाजावर चढताच गिऱ्हाइकाकडे जाते.

५. पैसे खरोखर आले का?

आता पुष्कळ व्यवहार मोबाइलवर होतात, तेव्हा पाचवा प्रश्न जोडावा लागतो. ‘इनिशिएटेड’ म्हणजे सुरुवात केली. ‘प्रोसेसिंग’, ‘पेंडिंग’ म्हणजे अडकलेले. ‘फेल्ड’ म्हणजे गेलेच नाहीत. ‘क्रेडिटेड’ म्हणजे खात्यात जमा, ‘डेबिटेड’ म्हणजे खात्यातून गेले. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरील चित्र पाहून माल सोडू नये. आपल्या खात्यात क्रेडिटेड दिसले तरच गाठोडे उचलू द्यावे. ‘पिन’ पैसे देण्यासाठी टाकायचा असतो. पैसे घेण्यासाठी तो कधीच लागत नाही. ‘ओटीपी’ म्हणजे एकदाच चालणारी किल्ली. ती कोणालाही सांगू नये.

क्रेडिट हा शब्द मात्र जपून घ्यावा. बँकेत तो जमा. दुकानात तो उधारी. ‘क्रेडिट नोट’ म्हणजे विकणाऱ्याने बिलातून कमी केलेली रक्कम. ‘लेटर ऑफ क्रेडिट’ म्हणजे ठरलेले कागद बिनचूक दाखवल्यास पैसे देण्याची बँकेची हमी. शेजारचा शब्द पाहिल्याशिवाय अर्थ लावू नये.

‘बॅकअप’ म्हणजे हिशेबाची दुसरी प्रत. ती त्याच कॉम्प्युटरमध्ये ठेवली तर कॉम्प्युटरबरोबर तीही जाते. ‘ब्रॉडकास्ट’चा मूळ अर्थ बी फोकून पेरणे. रेडिओने तो उचलला, आता मोबाइलने. व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्टने पाठवलेला भाव, ज्याने आपला नंबर साठवून ठेवला आहे त्यालाच पोचतो. तेव्हा आधी गिऱ्हाइकाला नंबर साठवायला सांगावे.

एवढे शब्द एका बैठकीत पाठ होणार नाहीत, होण्याची गरजही नाही. या आठवड्यात आपल्या गल्ल्यातील कोणतीही तीन जुनी बिले काढा. त्यांवरील प्रत्येक इंग्रजी शब्द वहीत उतरवा आणि त्यापुढे अर्थ मराठीत, उर्दूत, जमेल तसा लिहा. जो शब्द अडेल तो मुलाला, मुलीला, अकाउंटंटला विचारा. मुलांना विचारण्यात कमीपणा मानू नये. आमच्या वहीतील निम्मे अर्थ आमच्या मुलीच्या अक्षरात आहेत.