तेलाचा क्लच आणि पास्कलचा नियम
मोटारसायकलच्या क्लचचा लिव्हर हळूहळू सोडीत गेल्यास एका विवक्षित जागीं एंजिनाची शक्ति चाकाशीं जोडली जाते व गाडी सरकूं लागते. ही जागा मुठीच्या फार जवळ आल्यास काय करावें, तें या लेखांत आम्ही पाहणार आहों.

तारेच्या क्लचमध्यें तार ताणली म्हणजे काम भागतें. तेलाच्या क्लचमध्यें तारेऐवजीं नळींत कोंडलेलें तेल असतें. कोंडलेल्या द्रवावरील दाब सर्वत्र सारखा पसरतो, हा पास्कल (१६२३–१६६२) याचा नियम आपण वर्गांत शिकतों. तोच येथें राबतो. समजा, क्लचकडील दट्ट्याचें क्षेत्रफळ लिव्हरकडील दट्ट्याच्या चौपट आहे. तर जोर चौपट होईल. परंतु लहान दट्ट्या ८ मिलिमीटर सरकला असतां मोठा २ मिलिमीटरच सरकेल. म्हणून हवेचा लहानसा बुडबुडाही बाधतो. हवा दबते, लिव्हरची तेवढी हालचाल वाया जाते आणि जोडणीची जागा मुठीकडे सरकते.

यासाठीं प्रथम तेलाची पातळी पाहून नळींतील हवा काढावी. लिव्हरवरील स्क्रू बहुधा मुठीपासूनचें अंतरच बदलतो. दट्ट्याकडे स्क्रू असल्यास तो फार आवळूं नये; तेथें किंचित् मोकळीक हवीच. ती नाहींशी झाल्यास तेल परतण्याचें सूक्ष्म छिद्र झांकलेलें राहतें. मग तापून फुगलेलें तेल डबींत परतत नाहीं, क्लच घसरतो आणि त्याच्या चकत्या जळतात. सारांश, स्क्रूला हात लावण्यापूर्वीं आपण कारण शोधावें.