४.३ तांत्रिक लेखनातील गृहीत वाचक

मागील उपघटकात आपण सूचनापर लेखनाची वैशिष्ट्ये पाहिली. अशा लेखनात दडलेल्या एका पूर्वगृहीताचा आता विचार करू.

विंडोज, मॅकओएस आणि लिनक्स या संगणकाच्या प्रचलित कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीम होत. त्यांच्यातील भेद सूचनांच्या शब्दांपर्यंत पोहोचतात. उदाहरणार्थ, पायथॉन या संगणकभाषेत एखाद्या प्रकल्पासाठी स्वतंत्र आभासी परिसर तयार करता येतो. तो कार्यान्वित करणारी फाइल लिनक्स व मॅकओएसवर 'बिन' या फोल्डरमध्ये असते, तर विंडोजवर 'स्क्रिप्ट्स' या फोल्डरमध्ये.

आता पुढील वाक्य पाहा : 'बिन फोल्डरमधील फाइल चालवा.' व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे. परंतु विंडोज वापरणाऱ्याला ते फोल्डर सापडणारच नाही. लेखकाने आपल्याला गृहीतच धरलेले नाही, हे त्याला कळत नाही. चूक आपलीच आहे, असे तो समजतो. शिक्षक जवळ नसलेल्या विद्यार्थ्याचे शिक्षण अशा ठिकाणी थांबू शकते.

कधी हा पक्षपात मांडणीत असतो. मुख्य मजकूर एका प्रणालीचा आणि शेवटी 'विंडोज वापरणाऱ्यांसाठी विशेष सूचना', अशी रचना आढळते. भाषाविज्ञानाच्या परिभाषेत येथे एक प्रणाली अचिन्हित, तर दुसरी चिन्हित ठरते. 'विद्यार्थी' या शब्दात सर्वांचा समावेश मानायचा आणि 'विद्यार्थिनी' हा वेगळा शब्द योजायचा, तसाच हा प्रकार आहे.

यावर उपाय असे :

१. अट आधी सांगावी, कृती नंतर : 'विंडोजवर स्क्रिप्ट्स फोल्डर उघडा, लिनक्स किंवा मॅकओएसवर बिन फोल्डर उघडा.'

२. कृतीचा हेतू नोंदवावा. हेतू कळल्यास वाचक पर्याय शोधू शकतो.

३. सर्व प्रणालींना समान स्थान द्यावे. पायथॉनच्या अधिकृत दस्तऐवजात या आज्ञा एकाच तक्त्यात दिल्या आहेत.

४. न तपासलेल्या प्रणालीविषयी स्पष्ट लिहावे : 'ही कृती केवळ लिनक्सवर तपासली आहे.'

मात्र तटस्थता म्हणजे मोघमपणा नव्हे. 'आपल्या प्रणालीनुसार योग्य ती आज्ञा द्या' या वाक्यात पक्षपात नाही, पण मार्गदर्शनही नाही.

स्वयंअध्ययन प्रश्न

'नेहमीप्रमाणे कंट्रोल आणि सी या कळा एकत्र दाबून मजकुराची नक्कल करा.' मॅकओएसवर यासाठी कंट्रोलऐवजी कमांड ही कळ वापरतात. या वाक्यातील पूर्वगृहीत दर्शवणारा शब्द ओळखा व वाक्याचे पुनर्लेखन करा.