कार्ल पर्किन्स सलग ऐकताना

रॉक अँड रोल आवडणाऱ्या कुणालाही ‘ब्लू स्वेड शूज’ हे गाणं ठाऊक असतं, पण बहुतेकांच्या कानांत ते एल्विस प्रेस्लीच्या आवाजात बसलेलं असतं. ते लिहिलं आणि आधी गायलं कार्ल पर्किन्सने, डिसेंबर १९५५ मध्ये, मेम्फिसच्या सन स्टुडिओत. जर्मनीतल्या बेअर फॅमिली कंपनीने १९९० साली ‘द क्लासिक कार्ल पर्किन्स’ नावाचा पाच सीडींचा संच काढला. सन, कोलंबिया, डेका या कंपन्यांसाठी त्याने केलेलं सुरुवातीच्या वर्षांतलं काम त्यात आहे. हा संच मी पुन्हा पुन्हा ऐकत आलो आहे. त्यातून शिकलो ते लिहितो.

१. गाजलेल्या गाण्यापासून सुरुवात करू नये.

पहिली सीडी लावावी आणि ती जशी उलगडेल तशी ऐकावी. पर्किन्सचा जन्म १९३२ चा, टेनेसी राज्यातल्या टिप्टनव्हिलजवळचा. आईवडील दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने कापूस पिकवणारे, आणि पोरंही लहानपणापासून कापूस वेचायला शेतात. गिटारचे पहिले धडे मिळाले ते जॉन वेस्टब्रुक या वयस्क कृष्णवर्णीय शेतमजुराकडून. रेडिओवर मात्र नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या कार्यक्रमातलं कंट्री संगीत. ‘मूव्ही मॅग’ हे गाणं त्याने पोरवयातच रचलं होतं. त्यातला खेड्यातला मुलगा आवडत्या मुलीला जनावराच्या पाठीवर बसवून सिनेमाला न्यायला निघाला आहे. १९५५ साली त्याची पहिली रेकॉर्ड निघाली तेव्हा तिच्या दुसऱ्या बाजूला ‘टर्न अराउंड’ होतं. तिथे फिडल आहे, स्टील गिटार आहे, आणि गळ्यात ओढ आहे. माझी मावशी भावगीतांवर वाढलेली. तिला इंग्रजी गाण्यांत रस नाही. एकदा हे गाणं चालू असताना स्वयंपाकघरातून येऊन ती थबकली आणि म्हणाली, “अरे, हा घरची आठवण काढून गातोय का?” शब्द तिला कळले नव्हते. पर्किन्सचं मूळ तिने अचूक ओळखलं होतं. हे आधी ऐकलेलं असलं, की पुढच्या धडाकेबाज गाण्यांतही तो शेतावरचा मुलगा ऐकू येत राहतो.

२. कोणतं गाणं केव्हा बाहेर आलं, यामागे कंपनीचा हिशेब असतो.

सनचा मालक सॅम फिलिप्स याच्याकडे १९५४ पासून एल्विस होता. तशाच उसळत्या गाण्यांसाठी दुसरा माणूस लगेच उभा करायची त्याला घाई नव्हती. पर्किन्सला त्याने कंट्रीच्या बाजूला ठेवलं. नोव्हेंबर १९५५ मध्ये एल्विसचा करार ३५,००० डॉलरना आरसीए कंपनीकडे गेला आणि पर्किन्ससाठी वाट मोकळी झाली. ‘ब्लू स्वेड शूज’चं मुद्रण पुढच्याच महिन्यातलं आहे. संचात त्याच सुमाराची ‘शुअर टू फॉल’ आणि ‘टेनेसी’ ही गाणीही आहेत. पहिल्यात थोरला भाऊ जे सोबत गातो, दुसऱ्यात आपल्या राज्याचा अभिमान अणुबॉम्बच्या उल्लेखापर्यंत जातो. ही शेजारी शेजारी ऐकली, की ‘कंट्री’ आणि उसळती ‘रॉकबिली’ हे कप्पे दुकानदारांच्या सोयीचे वाटू लागतात. एकाच माणसाला दोन्ही अगदी सहज येत होतं.

३. राखून ठेवलेले टेक मन लावून ऐकावेत, पण एका बैठकीत नाही.

अशा संचात एकाच गाण्याची दोन-दोन, तीन-तीन मुद्रणं असतात. एकामागोमाग ऐकली तर कान बधिर होतो. मी एका संध्याकाळी एकच गाणं घेतो आणि त्याची सगळी रूपं ऐकतो. पर्किन्सच्या बाबतीत हे फार मोलाचं आहे, कारण तो ठरवून दिलेलं वाजवत नाही. गिटारचा मधला तुकडा दर वेळी निराळा येतो, शब्दही हलतात. मैफलीत तेच पद गवयाने पुन्हा घेतल्यावर नवी जागा दिसावी, तसा आनंद यात आहे. आणि संच नसता तर एक गोष्ट मला कधीच कळली नसती: १९५७ च्या सुरुवातीला आलेलं ‘युअर ट्रू लव्ह’ रेकॉर्डवर घालताना टेपचा वेग वाढवला होता, आवाज कोवळा वाटावा म्हणून. मूळ वेगातलं गाणं ऐका. तिथला आवाज भरदार आहे, समजूतदार आहे. मला तेच जास्त प्रिय आहे.

४. गाणारा आणि गिटार वाजवणारा एकच आहे, हे विसरू नये.

एल्विसच्या मागे स्कॉटी मूर गिटारवर होता. पर्किन्स मात्र ओळ गातो आणि तिचं उत्तर स्वतःच्याच गिटारवर देतो. थोरला जे साध्या गिटारवर ताल धरतो, धाकटा क्लेटन उभ्या बासच्या तारा लाकडावर आपटत वाजवतो, ड्रमवर डब्ल्यू. एस. ‘फ्लूक’ हॉलंड. चारच माणसं, त्यांतले तिघे सख्खे भाऊ. ‘हनी डोन्ट’मध्ये गाणं ई कॉर्डवरून एकदम सी कॉर्डवर उडी मारतं. ब्लूजच्या ठरलेल्या वाटेने ते ए कॉर्डकडे गेलं असतं. मी गिटार मांडीवर घेऊन हे वाजवून पाहिलं आहे. हात सरावाच्याच जागी जायला बघतो, आणि या माणसाच्या धिटाईबद्दलचा आदर दर वेळी वाढतो.

५. खोलीचाही आवाज ऐकावा.

सनच्या मुद्रणांतला तो चटकन परतणारा प्रतिध्वनी दोन टेप रेकॉर्डरमधून येतो. एकावरचा आवाज दुसऱ्याकडे पाठवायचा, तिथे टेपवर उमटून पुन्हा वाचला जाईपर्यंत क्षणाचा उशीर होतो, आणि तो उशिरा आलेला आवाज मूळ आवाजात मिसळायचा. एवढंच. हे सगळं मोनो आहे. साधा, बरा स्पीकर पुरतो.

६. गाण्याच्या पूर्वजांपर्यंत जावं.

‘मॅचबॉक्स’ची कल्पना पर्किन्सला वडिलांनी सुचवली, त्यांना जुन्या गाण्याच्या काही ओळी आठवत होत्या. टेक्ससचा अंध गायक ब्लाइंड लेमन जेफरसन याने ‘मॅच बॉक्स ब्लूज’ १९२७ सालीच रेकॉर्डवर गायलं होतं. पर्किन्सचं मुद्रण ४ डिसेंबर १९५६ चं, पियानोवर तेव्हा फारसा कुणाला माहीत नसलेला जेरी ली लुईस. त्याच दिवशी एल्विस सहज स्टुडिओत डोकावला, जॉनी कॅशही आला, आणि पुढे ‘मिलियन डॉलर क्वार्टेट’ म्हणून प्रसिद्ध झालेली ती गप्पांची, भक्तिगीतांची बैठक रंगली. मुळात तो दिवस पर्किन्सच्या मुद्रणाचा होता, हे मी ऐकणाऱ्याला आवर्जून सांगतो. १९६४ साली बीटल्सनी ‘मॅचबॉक्स’ केलं तेव्हा पर्किन्स लंडनच्या स्टुडिओत हजर होता. १९२७ ते १९६४ असा या गाण्याचा प्रवास, आणि त्याच्या मध्यावर हा.

७. अपघाताची गोष्ट गाण्यांवर लादू नये.

मार्च १९५६ मध्ये ‘ब्लू स्वेड शूज’ भरात असताना, पेरी कोमोच्या टीव्ही कार्यक्रमासाठी न्यूयॉर्कला जाताना डेलावेअर राज्यात पर्किन्स भावांची गाडी एका ट्रकला धडकली. ट्रकचालक गेला, कार्ल आणि जे जबर जखमी झाले, आणि एप्रिलमध्ये टीव्हीवर ते गाणं गायला एल्विस. तेव्हापासून पर्किन्सची ओळख ‘नशिबाने हुकलेला एल्विस’ अशी करून दिली जाते. मला हे मुळीच मान्य नाही. अपघातानंतरच्या मुद्रणांत ‘मॅचबॉक्स’ आहे. लेखणी बोथट झालेली नाही, बोटं अडखळत नाहीत. शिवाय तो एल्विस व्हायला निघालाच नव्हता. एल्विस प्रामुख्याने इतरांची गाणी आपलीशी करणारा अलौकिक गळा. पर्किन्स स्वतःचं जगणं स्वतः लिहिणारा. खरी जखम मला दुसरीकडे ऐकू येते. १९५८ मध्ये तो कोलंबियाकडे गेला आणि त्याच वर्षी मेंदूतल्या गाठीने जे वारला. कोलंबियाच्या गाण्यांत ‘पॉइंटेड टो शूज’सारखी उमदी गाणी आहेत, वादकही कसलेले आहेत. पण भावाच्या मृत्यूनंतरच्या गाण्यांत त्याचा तो ठोक ताल नाही, आणि तो नसणं मला दर वेळी जाणवतं.

८. घेताना मुद्रणाचं साल बघावं.

‘बेस्ट ऑफ’ या नावावर विसंबू नये. सनने १९५७ मध्ये काढलेला ‘डान्स अल्बम’च १९६१ साली ‘टीन बीट’ या नावाने, ‘बेस्ट ऑफ’ची पाटी लावून पुन्हा विकला होता, आतली गाणी अस्सल, म्हणून त्यात नुकसान नाही. पण पर्किन्सने आपली जुनी गाणी पुढच्या दशकांत अनेकदा नव्याने म्हटली, आणि स्वस्त संग्रहांत हीच पुनर्मुद्रणं मूळ म्हणून भरलेली असतात. वेष्टनावर मुद्रणाची तारीख, ठिकाण, वादकांची नावं नसतील तर तो संग्रह परत ठेवावा. पाच सीडींचा खर्च झेपणारा नसेल तर १९५५ ते १९५७ मधलं सनचं काम तेवढं असलेली एखादी सीडी शोधावी आणि ‘गॉन, गॉन, गॉन’ आधी लावावं.