बंदुकीचा वाद व दोन प्रतिपक्षी

अमेरिकेत शस्त्र बाळगण्याचा हक्क १७९१ पासून राज्यघटनेत आहे, आणि २०२१ साली तेथे बंदुकीने ४८,००० हून अधिक माणसे मेली. ह्या दोन पक्षांचा समेट होईल काय? जे डिकी हे हक्काचे कैवारी. त्यांनी १९९६ साली कायद्यात कलम घातले, तेणेकरून बंदुकीच्या इजांविषयीचे सरकारी संशोधन बहुतेक बंद पडले. त्या कामाचे प्रमुख मार्क रोझेनबर्ग. दोघे प्रथम एकमेकांस वैरी मानीत. पुढे मुलाबाळांच्या गोष्टी बोलता बोलता स्नेह जडला. वाचकहो, मत कोणीच टाकले नाही. परंतु मोटारी काढून न घेता अपघाती मृत्यू कमी करता आले, तसेच येथेही शोधावे, असे दोघांनी २०१२ साली वर्तमानपत्रात एकत्र लिहिले. डिकी २०१७ साली वारले. २०१९ च्या अखेरीस कायदेमंडळाने ह्या संशोधनास अडीच कोटी डॉलर मंजूर केले.