ट्रॉलीचे पाटे आणि बेअरिंग : गाडीचे नाव नको, माप सांगा



या पानावर एरवी बेणे, लागण, खत आणि खोडवा यांचीच माहिती असते. या वेळी विषय ट्रॉलीचा घेतला आहे. हे काम शेतकी खात्याचे नव्हे, असे कोणी म्हणेल. पण ऊस फडातून निघून गव्हाणीत पडेपर्यंत त्याची काळजी आमच्याच खात्याकडे असते. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळला जावा असे आपण नेहमी सांगतो. त्यानंतर उसाचे वजन घटते आणि साखरही कमी होते. वर्षभर पाणी, खत घालून वाढवलेला ऊस वाटेत मोडलेल्या ट्रॉलीवर वाळत पडला, तर नुकसान सभासदाचे आणि कारखान्याचेही होते.

ट्रॉली अडते ती बहुधा दोन ठिकाणी, पाट्यात नाही तर चाकाच्या बेअरिंगमध्ये. हंगामात घाई असते. दुकानदार म्हणतो, "सुटा पाटा मिळत नाही, पुरा सेट घ्या." मालक नाइलाजाने सेट घेतो. पुष्कळदा एकच पाटा किंवा एकच बेअरिंग घेऊन काम भागण्यासारखे असते. कारण हे भाग दुकानात गाडीच्या नावावर विकले जात असले, तरी बसतात मापावर. माप जुळले आणि पोलाद योग्य असले की तो कोणत्या गाडीसाठी केला होता याला महत्त्व नाही.

ही गोष्ट नवी नाही. १९०८ साली इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्स येथे कॅडिलॅक कंपनीच्या तीन मोटारी पूर्ण खोलून त्यांचे भाग एकमेकांत मिसळले. काही भाग बाजूला काढून त्यांच्या जागी कोठारातले नवे भाग घातले. त्या ढिगातून पुन्हा तीन मोटारी जोडल्या आणि त्या ५०० मैल पळवून दाखवल्या. कानशीने घासून भाग बसवण्याची गरज पडली नाही. त्याबद्दल कंपनीला ड्यूअर ट्रॉफी मिळाली. एका मापाने केलेला भाग कुठेही बसतो, हे त्या दिवशी लोकांनी डोळ्यांनी पाहिले. आज आपल्या तालुक्याच्या दुकानातले बेअरिंग याच तत्त्वावर चालते.

माझी स्वतःची चूक

आधी एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी ऐन हंगामात आमच्या गटातील एका वयस्कर सभासदाच्या ट्रॉलीचा मागचा तिसरा पाटा मोडला. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. मी म्हणालो, "आबा, सेट कशाला घेता? लांबी-रुंदी जुळणारा सुटा पाटा घेऊ." पाटा मिळाला. लांबी जुळली, रुंदी जुळली. जाडी मात्र १० मिलिमीटरऐवजी १२ होती. मी म्हटले, बरेच झाले, दोन मिलिमीटर जास्तच मजबूत.

नवव्या दिवशी रात्री ओढ्याच्या उतारावर नेमका तोच नवा पाटा मोडला. भरलेली ट्रॉली एका अंगाला कलली. टोळीतली दोन माणसे वर मोळ्यांवर बसली होती. त्यांनी वेळीच उड्या टाकल्या म्हणून निभावले. सकाळी आबा एवढेच म्हणाले, "साहेब, पैसं वाचलं खरं, पण माणसं थोडक्यात वाचली."

त्या दिवसापासून अर्धवट माप घेऊन मी कोणाला सल्ला दिलेला नाही. भरल्या ट्रॉलीवर माणसे बसवू नयेत, हेही त्याच दिवशी पक्के ठरवले.

जाड पाटा आधी का मोडला?

पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. १० चा घन १,०००, आणि १२ चा घन १,७२८. म्हणजे फक्त दोन मिलिमीटर जाडी वाढली तर पाटा जवळजवळ पावणेदोन पट कडक होतो. जोडातले बाकीचे पाटे लवतात, हा लवत नाही. त्यामुळे आपल्या वाट्यापेक्षा जास्त भार तो एकटा घेतो. शिवाय सर्व पाटे सारखेच वाकले, तरी जाड पाट्याच्या पृष्ठभागावर ताण जास्त येतो. जोडीतला एक बैल जोरकस आणि तीन रेंगाळणारे असले तर जोरकस बैलाचाच खांदा सुजतो, तसे हे आहे.

पाटा घेताना पुढील मापे कागदावर लिहून न्यावीत

१. लांबी : मुख्य पाट्याच्या दोन्ही टोकांना बुश बसण्यासाठी जे गोल असतात, त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत, दोरी कमानीवरून धरून. आतल्या पाट्यांची लांबी टोकापासून टोकापर्यंत.

२. रुंदी.

३. जाडी : गंज खरवडून, न झिजलेल्या जागी व्हर्निअरने. प्रत्येक पाट्याची वेगळी. यात अंदाज चालत नाही.

४. सेंटर बोल्टचे छिद्र : त्याचा व्यास, आणि छिद्रापासून दोन्ही टोके सारख्या अंतरावर आहेत की नाहीत ते. इथे चूक झाली तर अ‍ॅक्सल पुढेमागे सरकतो आणि ट्रॉली तिरकी चालते.

५. गोलाचे आतील माप, बुश आणि पिन.

६. कमानीची उंची : पाटा सोडवून दोन्ही टोकांना दोरी ताणावी आणि मध्ये किती अंतर राहते ते मोजावे. जुना जोड बसलेला असेल आणि नवा जास्त कमानीचा असेल, तर एक बाजू उंच राहते. पूर्ण जोड बदलायचा झाल्यास दोन्ही बाजूंचे बदलावेत.

मोडलेला पाटा फेकण्याआधी तो कुठे मोडला ते पाहावे. सेंटर बोल्टच्या छिद्रापाशी मोडला असेल तर बहुधा यू-बोल्ट ढिले होते असे समजावे. तेव्हा नवा पाटा घालून यू-बोल्ट नीट आवळले नाहीत, तर तोही तिथेच मोडेल. नवे यू-बोल्ट पहिल्या दोन खेपांनंतर पुन्हा आवळावेत.

बेअरिंगचा नंबर कसा वाचावा?

बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. मेट्रिक मापाच्या बेअरिंगचा नंबर सर्व कंपन्यांचा एकच असतो. शेवटचे दोन आकडे पाचाने गुणले की आतील व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. ६२०५ मधील ०५ म्हणजे २५ मिलिमीटर. हा गुणाकार ०४ पासून पुढे लागू पडतो. ००, ०१, ०२, ०३ म्हणजे अनुक्रमे १०, १२, १५ व १७ मिलिमीटर.

मात्र आतील माप जुळले म्हणजे काम झाले असे नाही. ६२०५ आणि ६३०५ दोन्ही २५ च्याच शाफ्टवर बसतात, पण पहिल्याचा बाहेरचा व्यास ५२ आणि दुसऱ्याचा ६२ आहे. हा फरक हाताला लगेच कळतो. फसगत होते ती पुढच्या जोडीत. ३०२१० आणि ३२२१० या टेपर बेअरिंगचा आतील व्यास ५० आणि बाहेरील ९० असा सारखाच आहे. रुंदी मात्र एकाची २१.७५ आणि दुसऱ्याची २४.७५. बसवताना हातात फरक जाणवत नाही, पण तीन मिलिमीटरने हब सरकतो, ऑइल सील जागेवर राहत नाही, ग्रीस बाहेर येते आणि चाक तापते. म्हणून पूर्ण नंबर जुळलाच पाहिजे. इंची मापाच्या बेअरिंगला पाचाचा नियम लावू नये. तिथे जसाच्या तसा नंबर मागावा.

टेपर बेअरिंगचा आतला कोन आणि बाहेरचा कप एकत्रच बदलावेत. जुन्या कपात नवा कोन घातल्यास नवा लवकर खराब होतो. बसवताना चाक फिरवत नट आवळावा, मग किंचित सैल करून स्प्लिट पिन घालावी. चाक मोकळे फिरावे, पण हाताने हलवल्यास खडखडू नये.

पंप, मोटर आणि कडबाकुट्टीच्या बेअरिंगनाही हाच नियम आहे. पट्ट्याचेही तसेच. बी-६० म्हणजे बी जातीचा, आतून ६० इंच लांबीचा पट्टा. ऑइल सीलवर शाफ्ट, बाहेरचा व्यास आणि रुंदी अशी तीन मापे लिहिलेली असतात.

इथे काटकसर करू नये

मोडलेला पाटा वेल्डिंग करून वापरू नये. त्या पोलादाला विशेष पाणी दिलेले असते. वेल्डिंगच्या उष्णतेने ते जाते आणि सांध्याशेजारचा भाग ठिसूळ होतो.

भंगारातला पाटा माप जुळते म्हणून डोळे झाकून घेऊ नये. तो आधी किती थकला आहे ते दिसत नाही. घ्यायचाच झाला तर साफ करून रॉकेल लावावे, कोरड्या फडक्याने पुसावे आणि वर खडूची पूड चोळावी. बारीक चीर असेल तर आत मुरलेले रॉकेल बाहेर येऊन काळी रेघ उमटते. रेघ दिसली की तो पाटा भंगारातच परत टाकावा. यू-बोल्ट, हुकाची पिन आणि ब्रेकचे भाग मात्र नवेच घ्यावेत.

शेवटची विनंती

हंगाम सुरू झाल्यावर मापे घ्यायला कोणाला सवड होत नाही. खंडेनवमीला आपण अवजारे धुऊन पुजतो. त्याच दिवशी ट्रॉली धुतल्यावर वहीचे एक पान तिच्या नावाने करावे. त्यावर पाट्यांची मापे, बेअरिंगचे नंबर, सीलची मापे आणि टायरचा साइज लिहून ठेवावा. ज्यांच्याकडे व्हर्निअर नसेल त्यांनी गट कार्यालयातून मागून न्यावा, आणि काम झाल्यावर आठवणीने परत आणावा. वहीचे ते पान ड्रायव्हरलाही दाखवून ठेवावे. रात्री-अपरात्री दुकानदाराला उठवायची वेळ त्याच्यावरच येते.

– ऊस विकास अधिकारी