शाळेचे बंदीगृह झाले तेव्हा

कंबोडियाच्या राजधानीतील तुओल स्लेंग ही मुळात शाळा. ख्मेर रूज राजवटीत (१९७५–७९) तिचे वर्ग कोठड्या झाले. एस-२१ नामक त्या बंदीगृहाचा प्रमुख डुच पूर्वी गणिताचा शिक्षक होता. तेथील किमान १२,२७२ बंदिवानांचा बळी गेला.

संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने स्थापन झालेल्या विशेष न्यायालयापुढे, जिवंत राहिलेल्या मोजक्यांनी साक्षी दिल्या. कबुलीजबाबांवरील डुचचे शेरे पुरावा ठरले. वरिष्ठांच्या आज्ञेची सबब टिकली नाही. २०१० मध्ये ३५ वर्षांचा कारावास, २०१२ मध्ये अपिलात जन्मठेप झाली. न्यायास तीन दशके लागली, तरी तो सूडाने नव्हे, साक्षीपुराव्याने झाला.

नुसत्या विद्येने माणूस घडत नाही. बाबासाहेबांनी विद्येबरोबर प्रज्ञा, शील, करुणा व मैत्री का मागितली, हे आम्हांस तुओल स्लेंगच्या त्या वर्गांवरून उमगते.